बाजारातल्या फळाची बी रुजली, आता फळ कधी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात टिळकवाडीच्या घरी गच्चीवर मुलांनी उन्हाळ्यात बाजारातून आणलेल्या फळांच्या बिया डब्यांत लावल्या. पपई, लिंबू, बटर फ्रूट, सफरचंद, ड्रॅगन फ्रूट उगवलं. मे अखेरीस लावलेल्या हापूसच्या कोयी आता वर आल्या आहेत, आणि अननसाच्या शेंड्यानेही मुळं धरली आहेत. खानापूरजवळ सासरी परड्यात जागा आहे. यातलं गच्चीवर काय ठेवायचं, परड्यात काय न्यायचं, आणि फळ किती वर्षांनी मिळणार?

उत्तर लांबणार आहे, कारण प्रत्येक रोपाचा हिशोब वेगळा आहे. आधी सगळ्यांना लागू पडणारं सांगतो. बाजारातल्या फळाची बी रुजणं अवघड नाही. खरे प्रश्न पुढे येतात, आणि ते तीन आहेत. हे रोप आईवर जाईल का? एकटं रोप फळेल का, की त्याला नर-मादीची जोडी लागेल? आणि आपल्या हवेत, म्हणजे बेळगावच्या चार महिन्यांच्या झडीत आणि सौम्य थंडीत, ते फुलावर येईल का? या तीन प्रश्नांवर तुमची रोपं तपासली की कोणतं कुठे जायचं ते आपोआप ठरतं.

बियांपासून झाड वाढवायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रोपवाटिकेत दिवसभर कलमं बांधणारा माणूस असलो तरी बियांचं मोल मला माहीत आहे. आपण खातो तो सरदार पेरू, म्हणजे लखनौ-४९, पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी १९२७ मध्ये बियांच्या रोपांतूनच निवडला. गणेश डाळिंबही तिथलंच, तेही बियांच्या रोपांतून निवडलेलं. पण पुष्कळ रोपं लावायची, वर्षानुवर्षं फळं चाखायची आणि त्यातलं एक ठेवून बाकीची काढून टाकायची, हा संशोधन केंद्राचा खेळ झाला. तुमच्या गच्चीवर एका जातीच्या एक-दोन कुंड्याच मावणार. म्हणून कुठल्या बीवर विसंबायचं आणि कुठल्या नाही, हे कळायला हवं.

आता हापूस. यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चौकशी याचीच असते आणि सगळ्यात जास्त निराशाही इथेच होते.

हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो. तो आईच्या फुलाचा आणि कुठल्यातरी दुसऱ्या आंब्याच्या परागाचा. ज्या बागेतून तुमचं फळ आलं तिथे आसपास पायरी असेल, तोतापुरी असेल, बांधावरचा रायवळ असेल. त्यामुळे कोयीतून येणारं झाड म्हणजे नवा रायवळच. गोड निघेल, आंबट निघेल, नुसत्या रेषांचा निघेल, आज कोणी सांगू शकत नाही. फळ दिसायला सहा-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त. केरळ आणि कर्नाटक किनाऱ्याकडे ओलूर, बप्पकाई, चंद्रकारन अशा जाती आहेत, त्यांच्या एका कोयीतून तीन-चार कोंब येतात आणि त्यातले बहुतेक आईच्याच पेशींचे असल्याने आईसारखेच होतात. हापूस त्यातला नाही. धारवाडचा असो की देवगडचा, कोयीचा हापूस होत नाही.

मग ही रोपं फेकायची का? अजिबात नाही. तुमच्याकडे आहे तो तयार खुंट आहे. खाली कोयीच्या रोपाची मुळं, वर चांगल्या झाडाची काडी, म्हणजेच कलम. आणि योग असा की तुम्ही जूनमध्ये विचारताय. कोय कलम बांधायची हीच वेळ. मिरगाचा पाऊस लागला की हवा दमट होते, काडी सुकत नाही, सांधा लवकर धरतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोय कलमाची पद्धत बसवून दिली आणि कोकणातल्या रोपवाटिका तिच्यावरच चालतात. आपली पावसाळी हवा त्या कामाला तशीच मानवते.

पद्धत अशी. रोप कोयीतून वर येऊन आठ ते पंधरा दिवसांचं असावं, पानं अजून तांबूस, लुसलुशीत, देठ रसरशीत. पानं हिरवी होऊन देठ कडक झाला असेल तर या पद्धतीची वेळ गेली. त्या रोपावर पुढच्या पावसाळ्यात नवी तांबूस फूट आली की त्या कोवळ्या फुटीवर मृदकाष्ठ कलम करायचं. कोवळं रोप असेल तर कोयीपासून चार बोटं वर धारदार पातीने आडवं कापा. कापलेल्या देठाच्या बरोबर मध्यभागी अंगठ्याच्या पेराएवढी उभी चीर द्या. कलमकाडी त्याच जाडीची हवी, फळ देणाऱ्या झाडाच्या तीन-चार महिन्यांच्या फांदीच्या टोकाची, वीतभर लांब, टोकाचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी. तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी सारखा, पाचरीसारखा तास द्या. पातीचा एकेकच सरळ ओढा द्यायचा. खरडत बसलात तर पृष्ठभाग उंचसखल होतो आणि सांध्यात हवा राहते. पाचर चिरेत बसवा. साली किमान एका बाजूने एकमेकींना नेमक्या भिडल्या पाहिजेत, कारण जीव धरतो तो सालीच्या आतल्या पातळ हिरव्या थरात. मग प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा आणि काडीवर मुलं खातात त्या पेप्सीची रिकामी, धुतलेली नळी टोपीसारखी चढवून खाली बांधा. आत दमटपणा राहतो. सावलीत ठेवा. पावसाचं पाणी थेट सांध्यावर नको. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटून हिरवा दिसला की टोपी काढायची. पट्टी मात्र सांधा पूर्ण भरेपर्यंत, अडीच-तीन महिने राहू द्या.

एक-दोन कलमं फुकट जातील असं धरूनच पाच-सहा कोयी लावाव्यात. कोयी अजून मिळत असतील, पायरी किंवा रायवळ बाजारात असेल, तर आजच आणा. आंब्याची कोय सुकली की मेली. फळ खाल्ल्यावर धुवून सावलीत एक-दोन दिवस ठेवायची आणि लगेच लावायची. कडक कवच कडेने कात्रीने जपून उघडून आतली बी काढलीत तर उगवण लवकर आणि सरळ होते. शिवाय आत भुंगा आहे का तेही दिसतं. बीला भोक पडून काळी भुकटी दिसली तर ती कोय टाकून द्या, तो कोयीतला सोंड्या किडा.

हे कलम परड्यात न्यायचं. कुंडीत हापूस जगतो, पण गच्चीवर त्याचा जीव रमत नाही. खानापूरकडे पाऊस दांडगा, तेव्हा कलम उंचवट्यावर लावा, आणि पहिली दोन वर्षं मोहोर आला तर खुडून टाका. झाडाने आधी अंग धरू दे.

पपईबद्दल चांगली बातमी आहे. बियांपासून घरी लावावं असं फळ मला विचाराल तर पपईच. पेरल्यापासून नऊ ते अकरा महिन्यांत पिकलेली पपई हातात येते. पण कोणत्या पपईची बी, यावर सगळं ठरतं. जुन्या जवारी पपयांत नर झाडं वेगळी, मादी वेगळी. अशा फळाची बी लावली तर साधारण निम्मी रोपं नर निघतात, म्हणजे लांब देठांवर नुसते फुलांचे झुपके आणि फळ शून्य. हल्ली दुकानात मिळणारी लांबट, लाल गराची पपई बहुतेक तैवान रेड लेडी असते. त्या जातीत नर झाड नसतं. काही झाडं मादी, काही उभयलिंगी, म्हणजे एकाच फुलात नर-मादी दोन्ही असलेली. मादी झाडाची फळं गोलसर, उभयलिंगी झाडाची लांबट. अशा बागेतल्या लांबट फळाची बी लावली की साधारण तीनात दोन रोपं उभयलिंगी आणि एक मादी निघते. परागाला बाहेरचं नर झाड आसपास नसेल तर नर निघतच नाही. रेड लेडी संकरित आहे, त्यामुळे पुढच्या पिढीत फळाचा आकार, गोडी थोडी विस्कटते. ते घरच्यापुरतं चालून जातं. बाजारात विकायची बाग लावणार असाल तर मात्र विकतची बीच आणा.

तुमची रोपं मार्चची, म्हणजे वीतभर तरी झाली असतील. एका जागी तीन रोपं लावायची आणि फुलं आली की निवड करायची. फूल बघून ओळख अगदी सोपी आहे. मादीचं फूल खोडाला चिकटून, एकटंदुकटं, बुडाशी फुगीर. उभयलिंगी फूलही खोडालगतच, पण लांबट, नळीसारखं. नराचं फूल बारीक, आणि लांब लोंबत्या देठावर घोसाने. नर दिसला की काढा. परड्यात सगळ्या मादीच निघाल्या तर मात्र जवळ एखादं उभयलिंगी किंवा नर झाड लागतं, हे लक्षात ठेवा.

पपईचा मोठा वैरी म्हणजे बुंध्याशी साचलेलं पाणी. आपल्याकडे जुलैमध्ये सूर्यदर्शन होत नाही असे आठवडेच्या आठवडे जातात. बुंधा कुजून उभं झाड आडवं होतं आणि मग कुठलंही औषध चालत नाही. म्हणून खानापूरच्या परड्यात आत्ता लावू नका. रोपं मोठ्या पिशवीत बदला, पत्र्याच्या आडोशाला, पण उजेडात ठेवा आणि दसऱ्याच्या सुमारास फूटभर उंच मातीच्या ढिगावर लावा. गच्चीवर लावायचं असेल तर पन्नास लिटरच्या आतलं भांडं घेऊ नका. रंगाच्या बादलीत पपई वाढते, पण फळं लिंबाएवढी राहून गळतात. पिंपाला तळाशी भरपूर भोकं पाडा आणि ते विटांवर ठेवा.

पुढच्या वेळेला बी लावताना एक करा. पपईच्या बीवर बुळबुळीत पिशवी असते, तिच्यात उगवण रोखणारा अंश असतो. राखेत किंवा जाड कापडावर चोळून ती काढा, धुवा, सावलीत वाळवा, मग पेरा. न चोळलेली बी महिनाभर रुसून बसते.

लिंबाचं रोप जपून ठेवा. कागदी लिंबाच्या एका बीतून कधी दोन, कधी तीन कोंब आलेले तुमच्या मुलांनी पाहिले असतील. त्यातले बहुतेक कोंब आईच्या पेशींपासूनचे, म्हणून झाड आईसारखंच होतं. विजापूरकडे, इंडी भागात, लिंबाच्या बागा बियांच्या रोपांवरही उभ्या राहतात ते याच कारणाने. एकाच बीतल्या कोंबांत जो सगळ्यात खुरटा किंवा पानाने वेगळा दिसतो तो बहुधा संकराचा असतो, तो काढून दणकट ठेवायचा. फळ चार ते सहा वर्षांनी. तोवर काटे सहन करावे लागतील, बियांच्या लिंबाला काटे जास्तच. मोसंबी आणि संत्र्यालाही बऱ्याच अंशी हाच नियम, पपनसाला नाही. लिंबाची बी मात्र सुकवू नका, फळातून काढली की धुवून लगेच मातीत.

पावसाळ्यात लिंबाच्या पानांवर, काड्यांवर तपकिरी खरबरीत ठिपके येतात, तो खैऱ्या. रोगट काड्या कोरड्या दिवशी छाटून जाळा आणि रोपं दाटीने ठेवू नका. आणि पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसेल, ती फुलपाखराची अळी. लहान रोपाची सगळी पानं ती दोन-तीन दिवसांत फस्त करते. हाताने वेचून काढा, औषधाची गरज नाही. मुलांना दाखवायला मात्र जरूर ठेवा, एखादी अळी बरणीत लिंबाच्या पानांवर वाढवली की त्यातून सुरेख फुलपाखरू निघतं.

बटर फ्रूट, म्हणजे अवोकाडो. पेल्यात काड्या टोचून पाण्यावर धरलेली बी बघायला सगळ्यांना आवडते आणि ती उगवतेही. पण मुळं बोटभर झाली की तिला पाण्यातून काढून मातीत लावा, नाहीतर पाण्याची सवय झालेली मुळं पुढे मातीत नीट चालत नाहीत. आपली हवा अवोकाडोला मानवण्यासारखी आहे. कोडगू, चिक्कमगळूरकडून येणारं हिरवं बटर फ्रूट आपल्याहून थोड्या जास्त उंचीवर पिकतं. अडचणी दोन आहेत. बियांच्या झाडाला फळ यायला पाच ते दहा वर्षं, आणि फळ आईसारखं होईलच असं नाही. दुसरी गोष्ट फुलाची. अवोकाडोचं फूल दोनदा उघडतं, एकदा मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही झाडांची फुलं सकाळी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर, काहींची बरोबर उलट. दोन्ही प्रकारची झाडं जवळ असली तर फळ भरपूर धरतं, एकट्या झाडावर तुरळक. म्हणून परड्यात नेणार असाल तर तुमचं बियांचं रोप खुंट म्हणून ठेवा आणि सोबत एक-दोन कलमी रोपं आणा. उतारावर लावा. पाणी तुंबलं तर अवोकाडोची मुळं पपईइतक्याच झटपट कुजतात. येळ्ळूर-वडगावच्या काळ्या शिवारात, बळ्ळारी नाल्याचं पाणी जिथं चढतं तिथं हे झाड कोणी लावू नये. त्या जमिनीला भातच शोभतो.

सफरचंद मुलांच्या आनंदापुरतं ठेवा. बी उगवली कारण फळ शीतगृहात महिनोन्‌महिने राहिलं होतं. सफरचंदाच्या बीला रुजण्याआधी ओल आणि थंडी मिळावी लागते, ती तिथंच मिळाली. पण झाडाला फुलायलाही दर हिवाळ्यात तशीच दीर्घ थंडी लागते आणि ती बेळगावात पडत नाही. पहाटे शाल घ्यावी लागते, तेवढ्याने सफरचंदाचं भागत नाही. कमी थंडीवर फळणाऱ्या अण्णा, डॉर्सेट गोल्डन अशा जाती आहेत, पण त्या कलमानेच मिळतात. दुकानातल्या काश्मिरी किंवा परदेशी फळाच्या बीतून त्या येणार नाहीत. पीच, चेरी, किवी यांचंही तेच, शिवाय किवीत नर-मादी वेगळे. त्यांच्यासाठी कुंडी अडवू नका.

ड्रॅगन फ्रूटच्या बिया मोहरीहून बारीक, उगवतात भाराभर, आणि ती काटेरी इवलीशी रोपं दिसतातही गोजिरी. पण बियांपासून फळ यायला चार-सहा वर्षं सहज जातात, तर हातभर लांब काडी लावली तर साधारण दीड-दोन वर्षांत फूल येतं. जत, अथणीच्या कोरड्या पट्ट्यात त्याच्या बागा आहेत. छाटणीच्या वेळी शेतकऱ्याकडे काडी मागा, कोणी नाही म्हणत नाही. काडी कापल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून जखम वाळू द्या, मग लावा. फूल रात्री उमलतं. एकट्या झाडावर फळ धरत नसेल तर रात्री टॉर्च घेऊन मऊ कुंचल्याने दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग लावावा लागतो.

अननसाचा शेंडा तुम्ही लावला हे उत्तम केलंत. यात बीचा संबंधच नाही, म्हणून झाड थेट आईचंच रूप. शेंड्यापासून फळ यायला दीड ते दोन वर्षं लागतात. दहा-बारा इंची पसरट कुंडी, पाणी चटकन निथळणारी माती, अर्धं ऊन. मुसळधार पावसात पोंग्यात, म्हणजे मधल्या पानांच्या खळग्यात, शेणखत किंवा माती जाऊ देऊ नका, तिथूनच कुज लागते. रोप चांगलं अंगावर आलं, पानं हातभर झाली आणि तरीही फुलायचं नाव घेत नसेल तर एक जुना उपाय आहे. झाडाभोवती प्लास्टिकची मोठी पिशवी बांधून आत पिकलेल्या सफरचंदाच्या फोडी तीन-चार दिवस ठेवा. पिकत्या फळातून निघणाऱ्या वायूने अननस फुलावर येतो, पोंग्यात लालसर कळी दिसायला महिना-दीड महिना लागतो. फळ काढल्यावर बुंध्याशी फुटवे येतात, ते वेगळे करून लावले की पुढचं पीक लवकर. खानापूरच्या परड्यात फणसाच्या विरळ सावलीत अननस फार छान येतो, चार-पाच शेंडे तिकडेच लावा.

तुमच्या यादीत नाहीत, पण असायला हवीत अशी दोन फळं सांगतो.

पहिलं रसभरी, कागदी कंदिलात बसलेलं ते पिवळं फळ. मॉलमध्ये डबीत महाग मिळतं, पण एका फळातल्या बियांतून वाफाभर रोपं होतात. पिकलेलं फळ पाण्यात कुस्करा, गर वर येतो, बिया तळाला बसतात. धुवून फडक्यावर वाळवा. आत्ता जून-जुलैमध्ये आडोशाला पेरलीत तर दिवाळीनंतर झाडं बहरतात आणि थंडीत फळं पिकतात. बेळगावचा हिवाळा त्याला अगदी हवा तसा. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली एका झाडाला पुरते. वरची टरफलं वाळून गव्हाळ झाली आणि फळ आपोआप गळालं तरच खायचं. हिरवं फळ मुलांना खाऊ देऊ नका, बाधतं.

दुसरं पॅशन फ्रूट. जांभळ्या सालीचं घ्या. त्याचं एकटं झाडही फळतं, पिवळ्याला बहुधा दुसऱ्या वेलाचा पराग लागतो. गर खाऊन बिया धुवून ताज्याच पेरायच्या, दोन-चार आठवड्यांत उगवतात. कंपाउंडच्या भिंतीवर तार ओढून वेल चढवा, वर्ष-सव्वा वर्षात फळ. फुलावर मोठे काळे भुंगे येतात, त्यांना हाकलू नका, फळ धरतं ते त्यांच्यामुळेच.

बाकीच्यांचं भराभर. पेरूची बी कडक, उगवायला महिना लागतो, फळ तीन-पाच वर्षांनी आणि गोडीचा भरवसा नाही. चांगल्या झाडाची गुटी बांधून घ्या, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं आणून ती वेगळी लावायची. सीताफळ बियांपासून लावायला हरकत नाही, रोपं बऱ्यापैकी एकसारखी निघतात, तीन-चार वर्षांत फळतात. बी उगवायला महिना-दोन महिने घेते, धीर सोडू नका. बी फोडलेल्या हाताने डोळे चोळू नका, जबर इजा होते, हे मुलांना बजावून सांगा. डाळिंब उगवतं सहज, पण आपल्या पावसात तेल्या रोग आणि फळकूज पाठ सोडत नाही. ते अथणीच्या पलीकडचं पीक. चिकू बियांचा नकोच, रायणीच्या खुंटावर बांधलेलं कलम आणा. केळ्यात बीच नाही, बुंध्याशी फुटणारे मुनवे लावायचे. थॉमसन द्राक्षातही बी नसते, ती काडीने लावतात. अंजीरही काडीनेच. फणसाची आठळी कुंडीत लावू नका, परड्यात जागेवरच लावा, त्याचं सोटमूळ हलवलेलं त्याला खपत नाही. आणि कोकम, ज्याला आपण रातांबा म्हणतो, त्यात निम्मी रोपं नर निघतात. मादी झाडाचं कलमच घ्या.

मे महिन्यात जांबोटी-खानापूर रस्त्यावर बायका पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात, जूनच्या तोंडावर जांभळंही येतात. बाजारातल्या फळाची बी लावायची तर याहून चांगली बी कुठे मिळणार? ही झाडं इथल्याच मातीची, पावसाला सरावलेली. दोन्हींची बी ताजी असतानाच लावायची, वाळली की उगवत नाही. करवंदं परड्याच्या कुंपणाला ओळीने लावा. दोन-तीन वर्षांनी फळ आणि कुंपण, दोन्ही मिळतं.

माती आणि पाण्याबद्दल थोडं. दोन वाटे तांबडी माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक वाटा राइस मिलमधला भाताचा जळका तूस, एवढ्यात सगळी रोपं वाढतात. काळी माती कुंडीत भरू नका, पावसात चिखल आणि उन्हात वीट होते. रोपांसाठी विकतच्या पिशव्यांची गरज नाही, नंदिनी दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या धुवून तळाला चार भोकं पाडली की झालं. या झडीत रोपं मुळाशी नाजूक होऊन एकाएकी आडवी पडतात. तसं दिसलं तर पाणी लगेच बंद करा, पडलेली रोपं मातीसकट काढा, उरलेली विरळ करून वारा लागेल अशी मांडा. त्या दिवसांत रासायनिक खत अजिबात घालू नका. पहिलं खत पाऊस ओसरल्यावर, गणपतीनंतर.

हापूसची कलमं घरी बांधायला धीर होत नसेल तर रोपं घेऊन जवळच्या रोपवाटिकेत जा, बहुतेक ठिकाणी तुमच्याच रोपावर बांधून देतात. कलमकाडी तुमच्या ओळखीच्या झाडाची असेल तर उत्तम. ज्या फांदीची काडी घ्यायची तिची पानं देठ ठेवून आठ-दहा दिवस आधी कापून ठेवा म्हणजे टोकाचा डोळा फुगतो. काडी सकाळी कापा, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि त्याच दिवशी आणा. गाडीच्या डिकीत उन्हात राहिलेली काडी बांधून उपयोग नाही.